वाण्याच्या पोरीची शेळी

सन एकोणीसशे अठ्ठेचाळीस. मी तेवीस वर्षांचा होतो, आणि जळकोटात माझ्याइतक्या चांगल्या शेळ्या कुणापाशी नव्हत्या. ही बढाई नाही. त्या शेळ्या पाहिलेली माणसं आता उरली नाहीत, म्हणून माझं मलाच सांगावं लागतं.

दिवाळी अंकवाल्या मंडळींचा निरोप आला की तुमच्या धंद्यातल्या आठवणी लिहून द्या. मी दुसरीपर्यंत शिकलेला माणूस. मास्तरांनी काढलं नाही, मीच उठलो. शाळेच्या खिडकीतून आमच्या शेळ्या दिसायच्या आणि त्या दिवशी त्या दुसऱ्याच्या तुरीत शिरत होत्या. शेळ्या हाकायला गेलो तो परत गेलो नाही. आता नातवानं माझं ऱ्हस्वदीर्घ नीट केलंय. वाक्यांना हात लावू दिला नाही. तो म्हणाला, "आबा, इथं जरा गोड करू का?" मी म्हटलं, गोड करायचं असलं तर तुझं तू लिही.

आमचा धंदा आजच्या माणसाला सांगितला तर खरा वाटत नाही. आम्ही दूध विकत नव्हतो, शेळी दारात नेत होतो. एखाद्या घरी बाळंतीण गेली, किंवा तापानं फणफणली, किंवा अंगावर दूधच आलं नाही, की त्या घरचा माणूस आमच्याकडं यायचा. मी ताजी व्यालेली शेळी निवडायचो, तिचं करडू काखेत मारायचो आणि सकाळ-संध्याकाळ त्या दारी जायचो. करडू थोडं लुचलं की शेळी पान्हा सोडते. मग करडू बाजूला ओढायचं, हात धुवायचे, पहिल्या धारा मातीत सोडायच्या आणि मग त्या घरच्यांच्या भांड्यात, त्यांच्या डोळ्यांपुढं पिळून द्यायचं.

रानातून चरवीत दूध आणून विकणारे पुष्कळ होते. पण उन्हाळ्यात रानातून गावात येईस्तोवर दूध नासायच्या बेताला यायचं. मोठ्या माणसाचं पोट ते सोसतं, तान्ह्याचं सोसत नाही. म्हणून दूध न नेता शेळीच न्यायची. एवढीच त्यातली अक्कल.

बाकी नियम होते. एका लेकराला एकच शेळी. तिला रुईच्या, धोतऱ्याच्या बाजूला चारायचं नाही. दूध उकळायचं, उकळलेलंच पाणी घालून पातळ करायचं, कोमट झालं की वाटी-पळीनं थेंबथेंब पाजायचं. लेकराला उताणं पाडून नाही, डोकं वर धरून. आणि उरलं की टाकायचं. हा शेवटचा नियम मी प्रत्येक घरी सांगायचो, आणि एकाही घरी तो पाळलेला पाहिला नाही.

परवा नातसून बाळंत झाली तेव्हा दवाखान्यातली नर्सबाई तिला सांगत होती. लेकरू जन्मलं की लगेच अंगावर घ्या. पहिला पिवळा चीक पिळून टाकू नका, तोच औषध. सहा महिने आईचंच दूध, वर पाण्याचा थेंबसुद्धा नको. गाईचं नको, शेळीचं तर नकोच. सगळे माझ्याकडं बघून हसले. मला राग आला नाही. करडाला चीक पाजल्याबिगर आम्ही जागचे हलत नसू, आणि त्याच घरात बाईचा चीक मात्र पिळून टाकत. ती नर्सबाई खरंच सांगत होती. पण माझा धंदा जिथं आई संपायची तिथून सुरू व्हायचा. तिथं नर्सबाई नव्हती, मीच होतो.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. तुळजापुरात एक पेशकार होते, निजामाच्या तहसिलीत. त्यांची बायको तापात पडली म्हणून मी मावशीकडं मुक्काम टाकून त्यांच्या दारी शेळी न्यायचो. पेशकार चष्मा लावून शेजारी उकिडवे बसायचे. धार त्यांच्याच तांब्यात पडत होती, तरी रोज विचारायचे, "पानी मिलाया तो नहीं ना?" एक दिवस मी म्हटलं, "साहेब, आता थनातच पानी भरून आनलं असंल तर मला ठाव न्हाय." ते हसले नाहीत. वाकून थनाकडं नीट बघितलं. मग घरातून मूठभर हरभऱ्याची डाळ आणून शेळीपुढं धरली. बायको बरी झाली, लेकरू आईच्या अंगावर पिऊ लागलं, माझं काम संपलं. पण त्या शेळीला डाळीची अशी चटक लागली की मी तिला गावाकडं आणायला निघालो तर ती पेशकारांच्याच दाराकडं ओढ घ्यायची.

दुसरं घर सांगतो ते हसायचं नाही. जवळच्याच एका वाडीवर जुळं झालं, एक पोरगं, एक पोरगी. आई धडधाकट होती, पण दोघांना पुरेल इतकं दूध नाही. तेव्हा सासऱ्यानं ठरवलं की पोराला शेळीचं, पोरीला आईचं. शेळी दारात येणं म्हणजे मान, तो पोराला. पोरीला काय, आईचं जे असेल ते. मी पाऊस डोक्यावर घेऊन जात होतो, दूध अगदी ताजं देत होतो. दिवाळीच्या आत पोरगं गेलं. पोरगी राहिली. सासरा मला म्हणाला, "बिरू, तुझ्या शेळीचा दोष न्हाय, पोरीनंच भावाला खाल्लं." ती पोरगी अंगणात आईच्या मांडीवर पीत होती. आईनं मान वर केली नाही. मी शेळी घेऊन निघालो आणि त्या वाडीवर परत पाऊल टाकलं नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

त्या वर्षी माघात आम्हाला पहिला मुलगा झाला, आणि पाचवी पुजून दोन दिवस झाले नाहीत तोच धनुर्वातानं गेला. माझी बायको रखमा. रंगानं काळी, उंच, बोलायला तोडून. शेजारच्या बायका आल्या आणि म्हणाल्या, आता अंगावरचं दूध आटव. ही आटवीना. घरामागं बोरीचं झाड होतं, त्याच्या बुडाशी जाऊन बसायची आणि दूध मातीत पिळायची. मला ते बघवायचं नाही. मी शेळ्या घेऊन लवकर निघायचो.

त्याच महिन्यात मल्लप्पा वाण्याची बायको बाळंतपणात गेली. मागं पोरगी राहिली. मल्लप्पाचं जळकोटात भुसारीचं दुकान, घर लिंगायतांचं. आमच्याकडची ही माणसं घरात कानडी, बाहेर मराठी बोलतात. घर चालवायची मल्लप्पाची आई, शिवव्वा. ठेंगणी, गळ्यात लिंग, कपाळभर भस्म, सबंध गल्ली तिला भ्यायची. मला निरोप आला. मी कबरी नावाची शेळी लावली. पांढऱ्यावर काळे ठिपके, पहिल्याच वेताची, दूध पातळ आणि गोड. शिवव्वानं शेळीचं तोंड उघडून दात बघितले, मग माझे हात बघितले.

"बिरू, कूसूच्या तोंडात जानारं दूध हाय. नखं काप आधी." कूसू म्हणजे कानडीत तान्हं लेकरू. पोरीला नाव ठेवेपर्यंत आणि नाव ठेवल्यावरही ती कूसूच राहिली.

मी नखं कापली. दोन वेळा जाऊ लागलो.

एका सकाळी मी कबरीला दोर लावत होतो तेव्हा रखमा बोरीखालून उठून आली. पदर ओला होता.

"एवढी शेळी चालवत न्हेता वाण्याच्या घरी," ती म्हणाली, "मलाच न्या की."

खरं सांगतो, माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं. रोज तिच्या बाजूनं शेळी घेऊन जात होतो.

"त्ये आपल्याला घरात घेत न्हाईत," मी म्हटलं.

"घरात कशाला? मी वसरीवर बसन. इचारा तर."

मी विचारलं. धार काढून झाल्यावर शिवव्वाला म्हटलं, "अव्वा, आमचं पोरगं गेलं. बायकूला दूध हाय. तुमची नात..."

शिवव्वानं दुधाचं भांडं बाजूला ठेवलं. मग विचारलं, "काय खाती तुझी बायकू?"

"भाकरी खाती. दुसरं काय खाणार?"

"सनावाराला?"

"आमी धनगर, अव्वा. बोकड कापलं तर खातो की."

"मग?" शिवव्वानं कबरीच्या पाठीवर हात ठेवला. "ही पाला खाती."

मी दोर गुंडाळला आणि घरी आलो. रखमाला सांगितलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "अव्वा असं म्हनली?" आणि परत बोरीखाली जाऊन बसली.

चैत्र लागला. आमच्या भागात चैत्र-वैशाखात दुपारी दगडाला हात लावता येत नाही. कबरीचं दूध कमी पडत नव्हतं, पण दोन वेळांच्या मध्ये सबंध दुपार असते. शिवव्वा सकाळच्यातलं उकळून बोंडल्यात भरून ठेवायची. बोंडलं म्हणजे चोच असलेली पितळी वाटी, चोच लेकराच्या तोंडात धरायची. वाटी घासता येते, चोचीच्या आत बोट जात नाही. पोरगी थोडं प्यायची, झोपायची. उरलेलं दूध शिवव्वा पाण्याच्या रांजणाच्या सावलीला ठेवायची आणि पोरगी उठली की तेच पाजायची.

एक दिवस मला त्या बोंडल्याचा वास आला. दुधाच्या माणसाला तो वास चुकत नाही.

"अव्वा, हे ओता."

"काय ओता?"

"उरलेलं. आंबट झालंय. मातीत ओता, न्हायतर मांजराला घाला."

शिवव्वाचा चेहरा असा झाला, जणू मी तिला शिवी दिली. त्या घरात रीत होती की लेकराच्या तोंडचं दूध दुसऱ्या कुणाच्या तोंडी जाऊ द्यायचं नाही, मातीत तर नाहीच. मांजरानं चाटलं की लेकराचा घास मांजराकडं जातो. मातीत ओतलं की लेकरू मातीकडं ओढलं जातं. जे उरेल ते लेकरानंच संपवायचं.

"आमच्या चार पिढ्या अशाच वाढल्या," ती म्हणाली. "तू शेळी पीळ."

ती कंजूष नव्हती, हे मला सांगितलंच पाहिजे. आईवेगळ्या नातीचा घास कुठं सांडू नये म्हणून ती जिवापाड जपत होती, आणि त्या जपण्यातच पोरगी खंगत होती. वैशाखात हगवण लागली. वैद्यानं मात्रा उगाळून दिली. हिरवट पाणी थांबेना. टाळू आत गेली. रडली तर आवाज मांजराच्या पिल्लासारखा.

मग शिवव्वानं दारातच मला गाठलं. गल्लीत चार माणसं होती.

"काय चारतोस शेळीला? कूसू मरायला लागली माझी. तुझी शेळी बाधली."

माझ्या शेळीचं नाव घेतलं की माझं डोकं फिरायचं. मी तिथंच ओंजळीत धार काढली आणि पिऊन दाखवली. "बाधली का मला? बघा. उद्यापासनं येत न्हाय मी. दुसरी शेळी बघा." गल्लीतली माणसं माझ्याच बाजूनं बोलली, आणि मी ताठ मानेनं घरी आलो.

रखमानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "झालं तुमचं? शेळीचं नाव राहिलं. लेकराचं काय?"

"मी काय करू? तिनं माझा अपमान..."

"तुमचा राग खुटीला टांगा," ती म्हणाली, आणि पायात काही न घालता भर दुपारी घरातून गेली.

ती वाण्याच्या मागच्या दाराला गेली. तिथं काय झालं ते तिनं मला कितीतरी वर्षांनी तुकड्यातुकड्यानं सांगितलं. शिवव्वा गोठ्यात पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. घरात उकाडा होता म्हणून गोठ्यात. रखमा गव्हाणीपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "अव्वा, आजपासनं मटन न्हाय खानार मी. अंडं बी न्हाय. पोरीला द्या."

शिवव्वा म्हणाली, "आधी खाल्लेलं?"

"त्ये सगळं बोरीखाली पिळून टाकलंय. आता जे हाय ते नवं हाय."

शिवव्वानं पोरीचं डोकं पुढं केलं. "हात ठेव."

रखमानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. एक, मटण खाणार नाही. दुसरी, हे नवऱ्याशिवाय कुणाला कळू देणार नाही. मल्लप्पालासुद्धा नाही. मग शिवव्वानं पोरगी दिली. पोरीला तोंड उघडायचीही ताकद नव्हती. रखमानं बोटानं ओठावर थेंब सोडले. तिसऱ्या-चौथ्या थेंबाला जीभ हलली. थेंबाथेंबानं ती दुपार गेली. शिवव्वा समोर बसून गव्हाणीतला कडबा मोडत होती, आणि त्या दिवशी बोंडलं घराबाहेर आलं नाही.

रखमा संध्याकाळी घरी आली तेव्हा हातात शेणाची पाटी होती. "उद्यापासनं मी वान्याच्या गोठ्यात शेन काढायला लागले," ती म्हणाली. "आनि तुमी शेळी घेऊन जायचं. पुढच्या दारानं. सगळ्यांला दिसल असं."

मला सगळं कळलं, आणि माझी मान खाली गेली. शेळीवाल्याची बायको दुसऱ्याच्या गोठ्यात शेण काढते, हे मला जन्मात सोसलं नसतं. माझा चुलतभाऊ चावडीपुढं म्हणालाही, "काय बिरू, शेळ्या आटल्या वाटतं?" मी गिळून टाकलं. तसं गिळणं मला त्या आधी माहीत नव्हतं.

मग रोजचं तेच झालं. सकाळी मी कबरीला घेऊन पुढच्या दारी जायचो, हात धुऊन, पहिली धार सोडून, गल्लीच्या समोर दूध काढायचो. शिवव्वा ते दोन्ही हातांत धरून आत न्यायची. ते दूध पुढं मल्लप्पाच्या चहात जायचं. आणि मागच्या गोठ्यात रखमा पोरीला पाजायची, दिवसातून चार-पाच वेळा. शेण काढायला एवढ्या खेपा कुणी करत नाही, पण शेणाकडं बघतो कोण.

पोरगी भरली. हगवण तर थांबलीच, पण मनगटाला वळ्या पडल्या, गाल आले. अंगणात शिवव्वाच्या कडेवर दिसू लागली तेव्हा गल्ली थक्क झाली. आणि सगळं श्रेय कबरीला गेलं. नळदुर्गाच्या बाजूनं माणसं येऊ लागली, "वाण्याच्या पोरीची शेळी ती हीच का?" एका म्हातारीनं तिच्या कपाळाला कुंकू लावलं. एकानं विचारलं, "काय चारता?" मी म्हटलं, "पाला." दुसरं काय सांगणार?

रखमा आत भाकऱ्या थापत सगळं ऐकायची. एकदा म्हणाली, "हार घाला की आता शेळीला." हसून म्हणाली. मीही हसलो.

त्या दिवसांत ती जरा माणसात आली होती. बोरीखाली जाणं सुटलं. पोरगी हिच्या पायांचा आवाज ओळखायची म्हणे. हिनं गोठ्याच्या दारात पाऊल टाकलं की तिकडून हुंकार यायचा. "अव्वाला त्ये आवडत न्हाय," रखमा म्हणायची, पण सांगताना चेहरा उजळायचा. मल्लप्पाला कळलं होतं की नाही, मला आजही माहीत नाही. दुपारचा तो परसात येत नसे, एवढं खरं. आणि शिवव्वा रोज एक गुळाचा खडा गव्हाणीवर ठेवून जायची. हातात द्यायची नाही, पण ठेवायची.

ज्येष्ठ सरता सरता रझाकारांची धास्ती वाढली. आज या गावात, उद्या त्या गावात, अशा बातम्या यायच्या. आमच्यापासून सोलापूरची हद्द जवळ. तिकडं निजामाचं राज्य नाही, म्हणून दुकानदार माणसं बाडबिस्तरा बांधून तिकडं निघाली होती. एका संध्याकाळी मल्लप्पानं मला दुकानाच्या मागं बोलावलं. शिवव्वा दाराला टेकून उभी होती, कडेवर पोरगी.

"बिरू, उद्या पहाटं आमी निघतो," मल्लप्पा म्हणाला. "शेळी लागंल. पोरगी शेळीवरच हाय, सगळ्यांला ठाव हाय. काय घ्यायचं ते घे."

मी म्हटलं, "आमी बी येतो. मी आनि रखमा."

"तुमी कशाला?" त्यानं खरंच चकित होऊन विचारलं. "तुमच्या शेळ्या, घर, म्हातारी आई. तुमाला कोन काय करनार हाय? शेळी पिळायला सोलापुरात माणूस मिळंल."

मी शिवव्वाकडं बघितलं. एक शब्द पुरला असता. तिनं पोरीच्या अंगावरचं फडकं सारखं केलं. ती सारखं करतच राहिली.

मीही बोललो नाही. शपथ त्या दोघींची होती.

त्याच संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, रखमा गोठ्यात गेली. मीही गेलो, बैलाला वैरण टाकायच्या निमित्तानं. शिवव्वानं पोरगी तिच्या मांडीवर दिली आणि म्हणाली, "पाज. पोट भरून पाज." आणि त्या दिवशी पहिल्यांदा ती समोर न बसता शेजारी बसली, भिंतीला पाठ लावून, रखमाच्या खांद्याजवळ.

पोरगी पिताना घोट गिळल्याचा आवाज येत होता.

"सोलापुरात डाक्टर हाईत," शिवव्वा म्हणाली. "पाच म्हैन्यांची झाली. पचवंल आता."

"बोंडलं नका घेऊ, अव्वा. वाटी घ्या. आनि पळी."

"घेते."

"दर वेळी ताजं. उकळून."

"व्हय."

"उरलेलं ठेवू नका."

शिवव्वानं पोरीची टाळू चाचपली. मग म्हणाली, "न्हाय ठेवनार."

"मांजराला घालाल?"

"घालीन," शिवव्वा म्हणाली. "मांजराला घालीन."

पोरगी पिता पिता झोपली. रखमानं ती शिवव्वाच्या मांडीवर ठेवली, पदर सारखा केला, शेणाची पाटी उचलली आणि माझ्या पुढं चालत घरी आली. पहाटे मी कबरीला गाडीच्या मागं बांधून आलो. रखमा आली नाही. तो दिवस तिनं सारवण करण्यात घालवला. सारवलेलं परत सारवलं.

ती माणसं परत आली नाहीत. निजाम गेला, राज्य बदललं, आम्हाला दोन मुलं झाली, ती वाढली. मल्लप्पानं सोलापुरात दुकान टाकलं, पोरगी तिकडंच शिकली, लग्न होऊन गेली, असं कानावर आलं. तिला लहानपणचं कुणी सांगितलं असेल तर शेळीचंच सांगितलं असेल. रखमानं मरेपर्यंत मटण खाल्लं नाही. लोक विचारायचे तर म्हणायची, "नको वाटतं." ती गेल्याला आता दोन पावसाळे झाले. मी शपथ घेतली नव्हती, मी फक्त गप्प बसलो होतो. म्हणून लिहितोय. ती शेळी नव्हती.

गाड्या गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रखमा उठली नाही. अंग तव्यासारखं तापलं होतं, छाती दगडासारखी झाली होती, हात उचलता येत नव्हता. मूल गेलेल्या बाईचं असं झालं की शेजारणी येतात, छाती कापडानं आवळून बांधतात, आतून दूध आटतं, मग ताप उतरतो. ते बायकांचं काम, पुरुषानं बाहेर बसायचं. पण आमचं मूल जाऊन पाच महिने झाले होते. आता हे दूध कुठून आलं, म्हणून पहिल्याच शेजारणीनं विचारलं असतं.

मी दाराला कडी लावली. खुंटीवरचा पटका काढला, माझा लग्नातला, तांबडा. तिला उठवून भिंतीला बसवलं. मला काही येत नव्हतं.

"बगलेतनं घ्या," ती डोळे मिटून म्हणाली. "आवळा. आनखी."

"दुखंल."

"आनखी आवळा."

कापड ओलं होत गेलं तसे मी फेरे देत गेलो. मागं गाठ मारली, तिला आडवं केलं, उशाला पाण्याचा तांब्या ठेवला. मग कडी काढून शेळ्या सोडल्या. चावडीपुढून जाताना चुलतभावानं विचारलं, "का रं, आज उघड्या डोक्यानं?" मी त्याच्याकडं न बघता शेळ्या रानाकडं वळवल्या.